बाराव्या कादंबरीची पहिली श्रोती

पॅरिस, मंगळवार, २० फेब्रुवारी १८४४

मादाम ब्लोंदेल,

तुमच्या आईंची बारावी कादंबरी काल, सोमवारी सकाळी अकरा वाजता पूर्ण झाली. बातमी पेरीनने दिली. पंचवीस वर्षं त्या घरात काम करणाऱ्या पेरीनच्या शब्दावर मी शंका घेत नाही. शिवाय शेवटचं वाक्य तिच्याच हाताने कागदावर उतरलं आहे. हल्ली तुमच्या आई सांगतात आणि पेरीन लिहिते. हात दुखतो म्हणतात.

दुसरी बातमी डॉक्टर गोसलँ यांची. पायांवरची सूज गुडघ्यांच्या वर चढली आहे आणि आडवं झालं की दम लागतो. मी विचारलं, किती दिवस? डॉक्टरच ते, आधी हवामानाविषयी बोलले. मग म्हणाले, "ईस्टर त्या बघतील. त्यापुढचं मी लिहून देणार नाही." ईस्टर सात एप्रिलला आहे.

या दोन्ही बातम्या मी तुमच्या आईंना न विचारता कळवतो आहे. मी आंसेल्म कोर्तिए, गुरुवारच्या बैठकीत खिडकीशेजारच्या खुर्चीत बसणारा वर्तमानपत्रवाला. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही त्या घराशी बोलणं तोडलंत, त्यात मीही आलो. तुमच्या जागी मी असतो तर हे पत्र उघडलं नसतं. उघडलं असेल तर पुढचंही वाचा.

काल दुपारी मी हस्तलिखित मागायला गेलो. आमच्या वर्तमानपत्रात एक एप्रिलपासून, पानाच्या तळाच्या रकान्यात, ही कादंबरी रोज थोडी थोडी येणार असं जाहीर झालं आहे. माझा स्वार्थ आधीच सांगतो, नंतर तुम्ही तो शोधून काढण्यापेक्षा बरं.

"आज मिळेल ना?" मी विचारलं.

"नाही."

"मग गुरुवारी बैठकीत वाचू?"

"गुरुवारीही नाही. आधी ओक्ताव्ही ऐकेल. मग तुम्ही सगळे."

"आणि त्या आल्याच नाहीत तर?"

"तर पेरीनला सांगीन. शेगडी पेटवायला तिला कागद लागतोच."

दारातून पेरीन म्हणाली, "मी नाही हो जाळणार. बोटं झिजलीत माझी लिहून लिहून."

"मग मी जाळीन," तुमच्या आई म्हणाल्या. "त्यासाठी काही लिहिता यावं लागत नाही."

हसत म्हणाल्या. पण अठ्ठावीस वर्षं मी त्यांना ओळखतो. पोटात शिजलेलं त्या नेहमी हसतच वाढतात.

त्या घराचा रिवाज मी तुम्हाला काय सांगणार. नवी कादंबरी गुरुवारी आम्ही ऐकायचो, पण त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, दार लावून ती तुम्ही एकट्या ऐकायच्यात. नऊ वर्षांच्या होतात तेव्हापासून. ऐकून झालं की नाव तुम्ही ठेवायचं. पहिलीनंतरच्या सात कादंबऱ्यांची नावं तुमची आहेत. तुम्ही गेल्यानंतरच्या तिन्हींची नावं प्रकाशकांनी ठेवली. त्यांतलं एक तर घोड्याच्या औषधाच्या बाटलीला शोभलं असतं. या बाराव्या कादंबरीचं पहिलं पान अजून कोरं आहे. बाकी पानं चारशे दहा.

रुआँहून आता आगगाडी आहे. चार तास लागतात.

आपला,
आंसेल्म कोर्तिए


पॅरिस, शुक्रवार, १ मार्च १८४४

प्रिय ओक्ताव्ही,

तुझ्या उत्तराच्या चार ओळी मी बऱ्याच वेळा वाचल्या. पहिली ओळ: "मला मादाम ब्लोंदेल म्हणू नका, ते माझ्या सासूबाईंचं नाव आहे." म्हणून हे 'ओक्ताव्ही', आणि हे 'तू'. उरलेल्या तीन ओळींचा मथितार्थ असा की आईला मी हवी असेन तर तिने स्वतःच्या हाताने लिहावं. मोलकरणीच्या हातची पत्रं मी पुष्कळ परत पाठवली आहेत आणि वर्तमानपत्रवाल्याच्या हातचं त्याहून जास्त महत्त्वाचं नाही.

मागणी रास्त आहे. मी ती घेऊन परवा तुझ्या आईकडे गेलो. ती फायरप्लेसजवळ तिच्या हिरव्या खुर्चीत होती, पाय स्टुलावर, अंगावर शाल.

"ओक्ताव्हीला तुमच्या हातचं पत्र हवंय," मी म्हणालो.

ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही तिला लिहिलंत. मला न विचारता."

"हो."

"किती पानं?"

"तीन."

"त्यात विशेषणं?"

"फार नाहीत."

"माझ्या आजाराबद्दल?"

"डॉक्टर म्हणाले तेवढंच."

"मग ठीक आहे. बातमी म्हणून चालेल. रडगाणं असतं तर आज तुमची खुर्ची अंगणात गेली असती."

मग तिने पेरीनकडून मेज खिडकीशी सरकवून घेतलं, कागद मागवला, आणि आम्हा दोघांना बाहेर काढलं. दार लावून ती तासभर आत होती. पेरीन जिन्यात माझ्याशेजारी उभी राहून सारखी दाराकडे बघत होती. मी म्हटलं, "एवढं काय? पत्रच तर लिहितायत." ती म्हणाली, "मस्यू कोर्तिए, तुम्ही उगाच बोलू नका."

तासाने दार उघडलं. पत्राची घडी घातलेली, लाख लावून मोहोर उठवलेली. ते तसंच या पत्रासोबत पाठवतो आहे. आत काय आहे ते मी पाहिलेलं नाही. पाहणारही नाही.

पुढचं माझ्याकडून.

तू नेहमी म्हणायचीस, आई गर्विष्ठ होत गेली. तुझ्या लग्नानंतर दोन वर्षांनी तिने एकाएकी पेरीनला दारात उभं केलं आणि येणाऱ्या प्रत्येकाचं नाव मोठ्याने पुकारायला लावलं, एखाद्या सरदाराच्या वाड्यात पुकारतात तसं. साखरेचं पाणी आणि ब्रिओश पावाचा तुकडा एवढीच जिथे मेजवानी, तिथे हा थाट! लोक हसले. तू त्या वर्षी माहेरी आली होतीस, तूही हसलीस, "आई, आता कारंजं कधी बांधतेस?" असं तू विचारलेलं मला आठवतं. तीही हसली. आणि त्याच गुरुवारी तिने दुसरा नियम केला, की ज्याची जी खुर्ची ती त्याचीच, कुणी हलवायची नाही. तोही लोकांना शिष्टपणा वाटला. मलासुद्धा वाटला होता.

पण तुझ्या आईला गर्व असता, ओक्ताव्ही, तर तो मिरवायला तिच्याकडे याहून चांगली कारणं होती. पहिली कादंबरी तिने स्वतःचं नाव न घालता छापली तेव्हा तू सात वर्षांची होतीस, तुझे वडील रशियाच्या मोहिमेवरून परत आले नव्हते आणि येणार नाहीत हे कळून चुकलं होतं. दोन वर्षांनी मी त्या घरात पहिल्यांदा आलो, तेव्हाही पुस्तक कुणी लिहिलं यावर तिथे वाद चाललेलाच होता. एका निवृत्त जनरलसाहेबांनी मिशीवर हात फिरवून ते आपलंच असल्याचं सुचवलं. सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले. तुझ्या आईने त्यांच्या हातात साखरेच्या पाण्याचा पेला दिला आणि विचारलं, "जनरलसाहेब, चौथ्या प्रकरणात नायिका रडत का नाही हो? मला कळलंच नाही." जनरलसाहेबांनी विचार केला आणि म्हणाले, "मादाम, समोर पाहुणे बसलेले असताना कोण रडतं?" तिने मान डोलावली. नंतर मला म्हणाली, "उत्तर माझ्यापेक्षा चांगलं होतं. पुढच्या पुस्तकात घालीन." आणि घातलं. जनरलसाहेब मरेपर्यंत दर गुरुवारी आले. त्यांना खरं कळलं होतं की नाही, हे तिने कुणालाच कळू दिलं नाही.

आतलं पत्र उघडलंस की एक ओळ टाक.

आंसेल्म


पॅरिस, बुधवार, ६ मार्च १८४४

प्रिय ओक्ताव्ही,

तुझं पाकीट आज सकाळी मिळालं. त्यात तुझ्या आईचं पत्र परत आलं आहे आणि सोबत तुझी चिठ्ठी: "कोरं पान मिळालं. अकरा वर्षांनी स्वतःच्या हाताने लिहायचं म्हटल्यावर तिला हेच सुचलं. तुमच्या गुरुवारी हा विनोद छान रंगला असेल. सगळ्यांना माझा नमस्कार."

मी ते पान उलटंसुलटं पाहिलं. कोरं. तसाच उठून गेलो. आई झोपली होती. पेरीनला स्वयंपाकघरात गाठलं आणि पान तिच्या समोर धरलं. तिने ते पाहिलं आणि खाली बसली.

"दौत," ती म्हणाली. "देवा रे. दौत माझ्या मेजावर होती. त्या मेजावरची नाताळापासून कोरडी आहे. मी बघायला हवं होतं. मला बाहेर काढलंत ना तुम्ही!"

"मी नाही काढलं. त्यांनी काढलं."

"मग तुम्ही दारात तंगडी का नाही घातलीत?"

तासभर ती माउली कोरड्या दौतीत पीस बुडवून लिहीत होती, ओक्ताव्ही. लिहून झाल्यावर घडी घातली, मोहोर लावली. तिला कळलंच नाही.

तुझ्या आईला दिसत नाही. तेरा वर्षं दिसत नाही. आधी कडा गेल्या, मग मधलं, आणि तुझ्या लग्नानंतरच्या चौथ्या हिवाळ्यात खिडकी कुठे आहे एवढाच उजेड उरला. हे पॅरिसमध्ये फक्त तिघांना ठाऊक आहे: पेरीन, डॉक्टर आणि मी. मला बोलायची बंदी होती. अकरा वर्षं पाळलेलं वचन आज मी स्वयंपाकघरात बसून मोडतो आहे, आणि पेरीन समोर बसून "मोडा, मोडा" म्हणते आहे.

आता तो थाट आठव. पेरीन नाव पुकारायची कारण चेहरा दिसत नव्हता. खुर्च्या हलवायच्या नव्हत्या कारण खोकल्याच्या दिशेवरून कोण खोकलं ते तिला ओळखायचं होतं. दारापासून फायरप्लेसपर्यंत अकरा पावलं, तिथून खिडकी सहा. या मोजमापावर तिने एकोणीस माणसांची बैठक तेरा वर्षं चालवली, आणि एकाही मूर्खाला संशय आला नाही. आम्ही तिला गर्विष्ठ म्हणालो. ती म्हणाली, म्हणू देत. मी एकदा विचारलं होतं, सांगून का टाकत नाही? तिने उत्तर दिलं, "दया करायला आलेली माणसं मग बोलत नाहीत. हळू आवाजात विचारपूस करतात. मला भांडणारी माणसं हवीत."

"आणि ओक्ताव्हीला?"

"तिला कळलं तर ती उद्याच येईल. मला मुलगी हवी आहे, नर्स नको."

तुला मोलकरणीच्या हातची पत्रं गेली, तीही ऐक. पेरीनला तेव्हा अक्षरओळख नव्हती. तुझी आई छापखानेवाल्याची मुलगी. क्रांतीच्या दिवसांत बारा वर्षांची असताना ती वडिलांकडे छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायची. तिने जुन्या ओळखीतून शिशाच्या खिळ्यांची एक पेटी मागवली. ती एकेक खिळा बोटांनी चाचपून ओळखायची आणि पेरीनच्या तळहातावर ठेवायची. बेचाळिसाव्या वर्षी पेरीन तशी लिहायला शिकली. पण छापायचे खिळे उलटे असतात हे दोघींच्याही ध्यानात राहिलं नाही, त्यामुळे पहिले सहा महिने पेरीनची निम्मी अक्षरं आरशात पाहिल्यासारखी उलटी. ती उलटी पत्रं तुला मिळाली. तू त्यांवर "थट्टा पुरे" असं लिहून परत पाठवलीस. ती ओळ पेरीनने तुझ्या आईला वाचून दाखवली. पेरीनने आयुष्यात स्वतः वाचलेली पहिली ओळ ती होती.

हे पान पुन्हा पाठवतो. खिडकीशी जाऊन तिरपं धर. पिसाच्या टोकाने कागद खरवडला गेला आहे, ओळी एकमेकींवर चढल्या आहेत, पण आहेत. मी वाचायचा प्रयत्न केला नाही. तुझी आई जागी झाल्यावर मी तिला सांगितलं की पत्र पोचलं. ती म्हणाली, "अक्षर कसं वाटलं असेल तिला?" मी म्हटलं, "नेहमीसारखंच."

आंसेल्म


पॅरिस, मंगळवार, १२ मार्च १८४४

ओक्ताव्ही,

तू एकच प्रश्न विचारला आहेस. मी तो येणार हे धरून चाललो होतो, आणि येऊ नये अशी आशाही करत होतो.

"तिला दिसत नव्हतं, तर त्या गुरुवारी माझं पत्र कुणी वाचलं?"

मी.

बातमी जशी घडली तशी सांगतो. तुझं पत्र सोमवारी आलं. बाहेरगावची पत्रं गुरुवारी बैठकीत मोठ्याने वाचायची, ही त्या घराची, आणि तशा सगळ्याच घरांची, जुनी रीत. त्यासाठीच लोक पत्रं नटवून लिहीत. तुझी आधीची पत्रं तशीच वाचली गेली होती आणि ते तुला आवडायचं. तुझ्या आईला पत्र स्वतः वाचता येत नव्हतं, पेरीनला तेव्हा वाचता येत नव्हतं. तीन दिवस तिने ते पत्र जवळच ठेवलं. पेरीन सांगते, दिवसातून दहादा हातात घ्यायची. गुरुवारी ते तिने माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आमच्या रुआँच्या मादाम काय म्हणतात बघू." तेव्हा मला तिच्या डोळ्यांचं काही ठाऊक नव्हतं. मला वाटलं, तिने आधी वाचलेलं आहे.

पहिलं पान तुझ्या सासूबाईंचं. त्या कपड्यांच्या कपाटाच्या किल्ल्या उशीखाली घेऊन झोपतात, आणि झोपेत कूस बदलली की घरभर पाद्रीबाबा आल्यासारखा घंटानाद होतो. सगळे खो खो हसले. मी रंगात आलो.

दुसऱ्या पानावर तू लिहिलं होतंस की सातव्या महिन्यात बाळ गेलं. तुला रडू आलं नाही. उलट मनात आलं की आता या घराशी बांधलं जायला नको. आणि शेवटी, "आई, मी वाईट बाई आहे का? हे मी दुसऱ्या कुणाला विचारू?"

मोठ्याने वाचणाऱ्याचा डोळा जिभेच्या दोन ओळी पुढे धावतो. तीस वर्षं मी हे काम करतो आहे. पान उलटलं तेव्हाच मला दिसलं होतं काय येतंय. मी थांबू शकत होतो. खोकला काढता आला असता, पुढचं घरगुती आहे म्हणता आलं असतं. मी थांबलो नाही. का, तर ते फार सुरेख लिहिलं होतं. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली होती, ती मला कमवता आली होती, आणि मला ती सोडवेना. अकरा वर्षांत मी दुसरी बरीच कारणं शोधली. खरं एवढंच.

तुझी आई म्हणाली, "पुरे." पण तोवर प्रश्न वाचून झाला होता. ती उठली, पत्र घ्यायला हात पुढे केला, आणि हात कागदाच्या वीतभर बाजूने गेला. तिने हवा पकडली. तेव्हा मला कळलं.

त्या खोलीत तुझ्या नवऱ्याची मावशी बसली होती. चार दिवसांत रुआँ शहराला कळलं. पुढे तुझं त्या घरात काय झालं ते तू मला सांगायची गरज नाही. तू आईला लिहिलंस, "तू आधी वाचलंस आणि तरी वाचायला दिलंस." त्यावर ती एका वाक्यात सुटली असती: मी वाचलं नव्हतं, मला दिसत नाही, वाचणारा आंसेल्म होता. मी तिला म्हणालो, असं लिहा, मी लिहून देतो. ती म्हणाली, "घर माझं, बैठक माझी. तिथे जे वाचलं जातं ते मी वाचलं. तुम्ही गप्प बसा."

मी गप्प बसलो, कारण ते मला सोयीचं होतं. दर गुरुवारी त्याच खुर्चीत बसलो. तिने एकदाही तो विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून त्या घरात कुणाचंही पत्र मोठ्याने वाचलं गेलेलं नाही. लोकांनी कारण विचारलं तर म्हणायची, "हल्ली पत्रं वाईट लिहितात हो लोक."

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिने पेरीनला अक्षरं येऊ लागताच तिच्याकडून लिहवून घेतलं होतं. तुला मिळालेलं पहिलं उलट्या अक्षरांचं पत्र ते होतं. तू ते परत पाठवलंस. अजून तिच्या टेबलाच्या खणात आहे.

क्षमा मागत नाही. ती पत्राने मागण्यासारखी नाही. तुला माझ्यावर राग धरायचा असेल तर धर, पण तिच्यावरचा काढून मग माझ्यावर धर. दोन्हीकडे पुरेल इतका वेळ नाही. काल डॉक्टर ईस्टरबद्दलही काही बोलले नाहीत.

आंसेल्म


पॅरिस, सोमवार, १८ मार्च १८४४

प्रिय ओक्ताव्ही,

चिठ्ठी मिळाली. "गुरुवारी सकाळच्या गाडीने निघते. तुमच्याशी नंतर बोलेन. त्या दिवशी तुम्ही तिथे नसावं." ठीक आहे. नसेन. अठ्ठावीस वर्षांत माझा चुकलेला हा दुसरा गुरुवार. पहिला देवीच्या तापाचा होता.

तू लिहितेस की कोऱ्या पानावरच्या ओळी तुला लागल्या. दोन दुपारी खिडकीशी गेल्या म्हणतेस. काय लिहिलं होतं ते तू कळवलेलं नाहीस, आणि या वेळी मी विचारणार नाही.

तुझ्या आईला मी सांगितलं की तुला सगळं कळलं आहे, डोळ्यांचंही आणि माझंही. मला वाटलं होतं, माझी खुर्ची अंगणात जाणार. ती म्हणाली, "शेवटी तुम्ही एक बातमी वेळेवर दिलीत म्हणायची." थोड्या वेळाने विचारलं, "दयेने येतेय का?"

"चिठ्ठीवरून तरी नाही वाटत. मला घरात येऊ नका म्हणून बजावलंय."

"अस्सं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा मी पुष्कळ दिवसांत तसा पाहिला नव्हता. "म्हणजे भांडायला येतेय. पेरीन! माझी करडी रेशमी टोपी काढ. ही नको, हिच्यात मी आजारी दिसते."

"आजारीच आहात," पेरीन म्हणाली.

"तुला कुणी विचारलं?"

गुरुवारचा कार्यक्रम असा ठरला आहे. बैठक बंद, सगळ्यांना तशी चिठ्ठी गेली आहे. तुझी गाडी दुपारी बाराच्या सुमारास सें-लाझार रस्त्याच्या स्टेशनात येईल, तिथे भाड्याची घोडागाडी सांगून ठेवली आहे. खोलीतल्या खुर्च्या जागच्या जागी असतील, कृपा करून एकही हलवू नकोस. तुझं जुनं बैठं स्टूल हिरव्या खुर्चीच्या डाव्या हाताला ठेवलं आहे. हस्तलिखित मेजावर आहे. या वेळी वाचायचं तुलाच आहे, ती ऐकेल. पेरीनचं अक्षर आता सुलटं असतं. चारशे दहा पानं एका दिवसात होणार नाहीत, म्हणून वरची खोली झाडून ठेवली आहे. पलंगावर चादर घातली आहे. किती दिवसांसाठी, ते कुणी विचारलेलं नाही. डॉक्टर गोसलँ आज म्हणाले, आवाज चांगला आहे, आवाजावर त्या अजून काही दिवस काढतील.

आमच्या छापखान्याला कादंबरीचं नाव सोमवारपर्यंत हवं आहे. नाव मिळालं नाही तर एक एप्रिलला त्या रकान्यात दुसरं काहीतरी घालीन. त्याची तू काळजी करू नकोस. रकाने भरायचं मी तीस वर्षं करत आलो आहे.

एकच सांगायचं राहिलं. तू जिना चढून वर येशील तेव्हा पेरीन दारात उभी असेल. तेरा वर्षांची सवय आहे, तुला पाहताच ती नाव पुकारायला तोंड उघडेल. तिला थांबव. दारापासून आईपर्यंत अकरा पावलं आहेत. पहिलं पाऊल टाकायच्या आधी तू स्वतःच बोल.

आंसेल्म